भिंती वाचल्या, वस्ती गेली

वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बी. डी. डी. चाळी पाडून तिथे उंच इमारती उभ्या राहू लागल्या, तेव्हापासून आमच्या अभ्यासमंडळात एक प्रश्न पुन्हा पुन्हा निघतो. या चाळींत आपल्या तीन पिढ्या वाढल्या. इथूनच मोर्चे निघाले. १९७४ च्या जानेवारीत वरळीची दंगल याच चाळींनी झेलली आणि त्याच दिवसांत, १० जानेवारीला, परळच्या मोर्चात भागवत जाधव मारला गेला. मग फोर्टातल्या इंग्रजी इमारतींना 'हेरिटेज' म्हणून जे संरक्षण मिळते, ते आपण आपल्या वस्त्यांसाठी का मागू नये?

प्रश्न रास्त आहे. पहिल्या क्षणी त्याचे उत्तर 'मागावे' असेच सुचते. परंतु इतिहास शिकवणाऱ्या माणसाला एक खोड असते. कोणतेही हत्यार हाती घेण्यापूर्वी ते प्रथम कोणी घडवले आणि कोणावर चालवले, हे तो पाहतो. जुन्या वस्तीतील प्रत्येक बांधकाम आणि प्रत्येक दुरुस्ती एका स्थानिक मंडळाने तपासून मंजूर करायची, ही पद्धत कायद्याच्या रूपाने जगात अनेक ठिकाणी आहे. अमेरिकेत ती सर्वप्रथम दक्षिण कॅरोलिना राज्यातील चार्ल्स्टन या शहराने आणली. तारीख १३ ऑक्टोबर १९३१. या शहराची हकीकत आपल्या कार्यकर्त्यांनी वाचावी असे मला वाटते. काळ्यांच्या लढ्याशी आपले नाते नवे नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली डुबॉइस यांना पत्र लिहून, काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या होत्या. १९७२ साली आपल्या तरुणांनी पँथर हे नाव तिथूनच घेतले. आपण त्यांच्या कविता वाचल्या, आत्मकथने वाचली. त्यांच्या राहत्या घरांचे काय झाले, हे मात्र आपण फारसे वाचले नाही.

चार्ल्स्टन हे समुद्रकाठचे जुने बंदर. दोन नद्यांच्या मधल्या जमिनीच्या जिभेवर ते सतराव्या शतकाच्या अखेरीस वसले. तांदूळ, नीळ आणि पुढे कापूस यांवर ते श्रीमंत झाले, आणि हे सारे पिकवले ते गुलामांनी. उत्तर अमेरिकेत आणलेल्या आफ्रिकन गुलामांपैकी सुमारे ४० टक्के माणसे याच बंदरात उतरवली गेली, असे इतिहासकार मानतात. शहरातील घरेही त्यांनीच बांधली. विटा त्यांनी थापल्या, लाकूड त्यांनी तासले, लोखंडी कठड्यांवरची वेलबुट्टी त्यांनी ठोकली. जुन्या विटांवर आजही बोटांचे ठसे सापडतात. त्यांतले काही लहान मुलांचे आहेत.

या शहरात गुलाम भाड्याने देण्याचीही रीत होती. मालक आपला सुतार किंवा हमाल दुसऱ्याकडे कामाला पाठवी आणि मजुरी स्वतः घेई. अशा गुलामाने नगरपालिकेचा तांब्याचा बिल्ला बाळगायचा असे. बिल्ल्यावर शहराचे नाव, वर्ष, क्रमांक आणि धंदा : हमाल, कोळी, फळवाला, कारागीर. माणसाचे नाव त्यावर नसे. आज हे बिल्ले संग्रहालयांत आहेत आणि हौशी संग्राहक त्यांना मोठी किंमत देतात. आपल्याकडे गळ्यातले मडके कोणी जपून ठेवले नाही, एवढाच फरक.

या घरांची रचना नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढची सारी गोष्ट तिच्यावर उभी आहे. चार्ल्स्टनचे नमुनेदार घर रुंदीला एका खोलीचे असते. त्याची अरुंद बाजू रस्त्याला, आणि लांबच्या बाजूने मजल्यामजल्याचा व्हरांडा. मागे लांबलचक आवार. त्या आवारात स्वयंपाकघर, तबेला आणि त्यांच्या माडीवर गुलामांच्या कोठड्या. आमचे पूर्वज गावकुसाबाहेर राहिले. त्यांचे पूर्वज मालकाच्या परसात. इथे विटाळ होता म्हणून अंतर राखले गेले, तिथे मालकी होती म्हणून माणूस नजरेखाली ठेवला गेला. त्यामुळे त्या शहरात काळा आणि गोरा एकाच गल्लीत राहत. पुणे-नाशिकच्या वाड्यांच्या आळीत महारवाड्याचे घर शोधून सापडणार नाही, चार्ल्स्टनच्या सर्वांत प्रतिष्ठित गल्लीत काळ्याचे घर सापडे. मात्र ते रस्त्यावरून दिसत नसे.

यादवी युद्ध १८६५ साली संपले. गुलामगिरी गेली, आणि तिच्याबरोबर मालकांची श्रीमंतीही ओसरली. नवे बांधायला पैसा नव्हता म्हणून जुने शहर जसेच्या तसे राहिले. मोठ्या घरांच्या खोल्या पाडून ती भाड्याने दिली जाऊ लागली. काळी कुटुंबे परसातून पुढच्या घरात आली. एका खोलीत एक बिऱ्हाड, अंगणात सामाईक नळ, खिडकीच्या कट्ट्यावर विकायला मांडलेली भाजी. हे वर्णन वाचताना मला नायगाव आठवते. १९३० च्या सुमारास शहरातील जवळजवळ निम्मी माणसे काळी होती. परंतु त्यांना मत नव्हते. राज्याच्या १८९५ च्या घटनेने ते जवळजवळ पुरतेच काढून घेतले होते.

१९२० च्या आसपास पेट्रोल पंपांसाठी जुनी घरे पाडली जाऊ लागली, आणि उत्तरेकडची श्रीमंत संग्रहालये घरांतील कोरीव लाकूडकाम व लोखंडी जाळ्या उचकटून विकत नेऊ लागली. त्याविरुद्ध उभी राहिली सुसान प्रिंगल फ्रॉस्ट नावाची बाई. जमीनदार घराण्यातली, पण घरची श्रीमंती गेल्यामुळे कोर्टात लघुलेखक म्हणून नोकरी केलेली. स्त्रियांच्या मताधिकारासाठी ती लढली, पुढे घरांच्या खरेदी-विक्रीच्या व्यवसायात शिरली. ट्रॅड स्ट्रीटवरची मोडकी घरे एकेक करून विकत घ्यायची, दुरुस्त करायची आणि जाण असणाऱ्या माणसाला विकायची, हा तिचा उद्योग. १९२० साली जुनी घरे वाचवण्यासाठी तिने संस्था काढली. धडाडीची बाई होती, कर्ज काढून तिने घरे घेतली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्या घरांत राहणारी काळी बिऱ्हाडे? ती दुरुस्तीच्या आधी बाहेर काढली जात. घर वाचवणे या कामाचाच तो एक भाग समजला जाई. जशी गळकी कौले काढायची, तसे भाडेकरू काढायचे.

स्त्रियांच्या हक्कासाठी झगडणाऱ्या बाईला मागच्या खोलीतली काळी धुणेवाली बाई म्हणून दिसत नाही, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. आपल्या सुधारकांच्या चरित्रांतही ती वाचायला मिळते.

मग १९३१ चा कायदा आला. त्याने शहराच्या दक्षिण टोकाचा भाग 'जुना व ऐतिहासिक' म्हणून आखला आणि बोर्ड ऑफ आर्किटेक्चरल रिव्ह्यू नावाचे मंडळ नेमले. या भागात कोणीही घराचे बाह्य रूप बदलायचे किंवा नवे घर बांधायचे तर आधी नकाशे मंडळापुढे ठेवायचे. मंडळ खिडक्यांची ठेवण, छपराचा उतार, फाटक, रंग पाहणार आणि ते परिसराला शोभते का हे ठरवणार. पाच सभासद : एक आर्किटेक्ट, एक इंजिनियर, एक घरांच्या धंद्यातला, एक कलासंस्थेचा, एक नगररचना आयोगाचा. मंडळाच्या अधिकाराला एक मर्यादा होती आणि ती फार बोलकी आहे. सार्वजनिक रस्त्यावरून जे दिसते तेवढेच मंडळाने पाहायचे. घराच्या आत काय आहे, मागे कोण राहते, हे त्याच्या कक्षेबाहेर.

कायदेशीर दृष्टीने या मर्यादेला कारण आहे. खाजगी मालमत्तेवर सार्वजनिक बंधन घालायचे तर सार्वजनिक नजरेला जे लागते त्यावरच घालता येते, असा तो युक्तिवाद. वकिलाला तो पटेल. मला दिसते ते असे, की ज्या शहरात काळ्यांना दोनशे वर्षे रस्त्यावरून न दिसण्याच्या जागी ठेवले गेले, त्याच शहराने इतिहासाची व्याख्या 'रस्त्यावरून दिसते ते' अशी केली. यात कोणी कट केला असे मी म्हणत नाही. कटाची गरजच नव्हती. पाच सभ्य माणसे खिडक्यांच्या झडपांवर प्रामाणिकपणे चर्चा करत बसली होती, आणि त्या चर्चेत भाडेकरूचा उल्लेख येण्याची कोणतीही वाट कायद्याने ठेवली नव्हती.

चर्च स्ट्रीटवरच्या ८९-९१ क्रमांकाच्या जोडघराची हकीकत या संदर्भात सांगितली पाहिजे. त्याला लोक कॅबेज रो म्हणत, म्हणजे कोबीची चाळ. खिडक्यांच्या कट्ट्यावर काळे भाडेकरू भाजी मांडत म्हणून. जवळच राहणाऱ्या डुबोस हेवर्ड या गोऱ्या लेखकाने या वस्तीवरून आणि बकरीच्या गाडीतून भीक मागत फिरणाऱ्या एका पांगळ्या काळ्या माणसावरून 'पोर्गी' ही कादंबरी लिहिली. ती १९२५ साली आली आणि गाजली. तिचे नाटक झाले, १९३५ साली गर्श्विनने तिचा ऑपेरा केला आणि तो जगभर गेला. कादंबरीतल्या चाळीचे नाव कॅटफिश रो. पर्यटक ती चाळ शोधत येऊ लागले. पण त्याआधीच, विसाव्या शतकाचे तिसरे दशक संपता संपता, एका नामवंत उद्यानरचनाकाराने ते जोडघर विकत घेऊन दुरुस्त केले होते आणि काळी बिऱ्हाडे तिथून गेली होती. ज्यांच्यावर कादंबरी लिहिली ते गेले. कादंबरीमुळे इमारतीचे मोल वाढले.

याच काळात शहरात आणखी एक संस्था निघाली. १९२२ साली. तिचे काम काळ्यांची भक्तिगीते जतन करणे. सभासद सारे गोरे, मळेवाल्या घराण्यांतले. ते युद्धापूर्वीच्या काळातले मालकांचे पोशाख घालून व्यासपीठावर उभे राहत आणि गुलामांच्या बोलीत गुलामांची गाणी म्हणत. हेवर्डही या संस्थेत होता. हे वाचून मला हसू आले आणि नंतर राग आला. आमच्या तमाशाच्या बोर्डावरून आमची माणसे उतरवून त्याच कलेचे महोत्सव सभागृहांत भरवणाऱ्यांची आठवण झाली. गाणे हवे, गाणारा नको. घर हवे, राहणारा नको.

दुसऱ्या महायुद्धानंतर या कामाला पैशाची शिस्त आली. १९४७ साली हिस्टॉरिक चार्ल्स्टन फाउंडेशन ही संस्था निघाली आणि १९५९ पासून तिने ॲन्सनबरो नावाचा भाग हाती घेतला. तिची युक्ती फिरत्या निधीची. निधीतून एक पडके घर घ्यायचे, त्याचे बाह्य रूप नीट करायचे, ते बदलणार नाही अशी अट खरेदीखतात घालून विकायचे, आलेल्या पैशातून पुढचे घर घ्यायचे. साठाहून अधिक घरे अशी वाचली. या पद्धतीची अमेरिकाभर वाखाणणी झाली आणि इतर शहरांनी ती उचलली. अडचण अशी की निधी फिरायचा तर घर चढ्या भावानेच विकले पाहिजे, आणि चढ्या भावाने घेणारा माणूस त्या घरातला जुना भाडेकरू असणे शक्य नव्हते. इथे द्वेषाची गरज उरत नाही. हिशोबच माणसाला बाहेर काढतो. जातीचे बहुतेक काम आज शहरांत असेच चालते म्हणून हा तपशील मी मुद्दाम देतो.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, की मग संरक्षण नसलेलेच बरे. तसे नाही. संरक्षण नसलेल्या काळ्या वस्त्यांचे चार्ल्स्टनमध्ये काय झाले तेही पाहा. १९६० च्या दशकात शहराच्या आडवा एक वेगवान रस्ता काढला गेला आणि तो काळ्यांच्या वस्त्यांमधून गेला. पुढे त्या रस्त्याला सेप्टिमा क्लार्क यांचे नाव दिले. प्रौढ काळ्यांना मतदार म्हणून नाव नोंदवता यावे यासाठी अक्षरओळख शिकवण्याच्या शाळा उभारणारी ही शिक्षिका याच शहरात जन्मली. वस्ती फोडणाऱ्या रस्त्याला वस्तीच्याच लेकीचे नाव! नामकरणाचे राजकारण आपण मराठवाड्यात सोळा वर्षे अनुभवले आहे, म्हणून यावर अधिक लिहीत नाही.

ॲन्सनबरोच्या कडेला, प्रामुख्याने काळ्यांची घरे असलेला आणखी एक मोठा तुकडा भुईसपाट करून तिथे नगरपालिकेने भव्य सभागृह बांधले. ते १९६८ साली उघडले. १९७० साली शहराला तीनशे वर्षे झाली, तेव्हा 'पोर्गी अँड बेस' हा ऑपेरा त्याच्या स्वतःच्या गावात पहिल्यांदा झाला. पस्तीस वर्षे तो तिथे झाला नव्हता, कारण काळे-गोरे प्रेक्षक एकत्र बसवणे शहराला मान्य नव्हते. तो प्रयोग याच सभागृहात झाला. काळ्यांच्या चाळीचे गाणे, काळ्यांची घरे पाडलेल्या जागेवर.

जमिनीला मात्र स्मरण असते. २०१३ साली त्या सभागृहाच्या नूतनीकरणासाठी खोदताना ३६ माणसांच्या कबरी निघाल्या. अठराव्या शतकात पुरलेली, आफ्रिकन वंशाची माणसे. कोणत्याही नकाशात ती दफनभूमी नोंदलेली नव्हती. शहरातल्या काळ्या लोकांनी त्यांचा अभ्यास करवला, त्यांना आफ्रिकन रीतीने नावे दिली आणि २०१९ च्या मे महिन्यात सन्मानाने पुन्हा पुरले.

तेव्हा चार्ल्स्टनमध्ये काळ्या भाडेकरूपुढे दोन वाटा होत्या. वस्ती सुंदर ठरली तर भावाने बाहेर, कुरूप ठरली तर बुलडोझरने बाहेर. १९८० च्या सुमारास त्या द्वीपकल्पावर काळ्यांची बहुसंख्या होती. आज तिथे गोऱ्यांची बहुसंख्या आहे आणि घरांचे भाव सामान्य माणसाने विचारू नयेत असे आहेत. संरक्षित भाग १९३१ नंतर अनेकदा वाढवला गेला, मंडळाचे अधिकारही वाढले. सुरुवातीला त्याला घर पाडण्यापासून रोखण्याचा अधिकार नव्हता, तो पुढे मिळाला. देशात अशी स्थानिक मंडळे आज दोन हजारांहून अधिक आहेत. कायदा यशस्वी झाला, यात शंका नाही. त्याने जे वाचवायचे ठरवले होते ते वाचले.

फिलिप सिमन्स यांच्याविषयी लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. जन्म १९१२ चा. शहराजवळच्या बेटावरून शिकायला आलेला हा काळा मुलगा तेराव्या वर्षी एका लोहाराकडे उमेदवारीला राहिला. तो लोहार स्वतः गुलाम म्हणून जन्मलेला. म्हणजे गुलामांच्या भट्टीतली कला मधे खंड न पडता या मुलाच्या हातात आली. सुरुवातीला तो घोड्यांचे नाल आणि गाड्यांचे सामान करी. मोटारी आल्या, ते काम बुडाले; मग तो फाटके आणि कठडे घडवू लागला. जुन्या घरांच्या दुरुस्तीची जी लाट आली तिने त्याला काम दिले. शेकडो फाटके त्याने घडवली. सर्प, मासे, ताडाची झाडे. १९८२ साली देशाचा लोककलेतला मोठा सन्मान त्याला मिळाला. २००९ साली तो वारला.

चार्ल्स्टनच्या कायद्याचा सारा गुंता मला या माणसात दिसतो. संरक्षणाच्या कायद्यामुळे त्याची कला जगली, हे खरे आहे आणि ते सांगितले पाहिजे. ज्या घरांना त्याने फाटके केली त्या घरांत त्याचे भाऊबंद राहू शकले नाहीत, हेही तितकेच खरे आहे. माझा बाप गवंड्याच्या हाताखाली बिगारी होता. दादर-माटुंग्याच्या इमारती दाखवून 'ही मी बांधली' असे तो म्हणे. त्या इमारतींच्या जिन्यावर तो पुन्हा कधी चढला नाही.

१९ जून २०१८ रोजी चार्ल्स्टनच्या नगरपालिकेने गुलामगिरीबद्दल माफीचा ठराव केला. गुलामांनी बांधलेल्या इमारतीत बसून. ठराव थोड्या मताधिक्याने पास झाला. दीडशे वर्षांनंतरही विरोधात हात वर करणारे होते, याची नोंद घ्यावी.

आता, दुसरे काही करता येत होते का? येत होते, आणि शेजारच्या जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना शहरात ते काही काळ झाले. तिथे लिओपोल्ड ॲडलर नावाच्या गृहस्थाने आधी जुन्या शहराचे मधले भाग चार्ल्स्टनच्याच फिरत्या निधीच्या पद्धतीने वाचवले होते. पण जवळच्या व्हिक्टोरियन भागातली लाकडी घरे हाती घेताना त्याने वाट बदलली. त्या घरांत गरीब काळे भाडेकरू होते, घरमालक बाहेरगावी. १९७४ साली त्याने वेगळी संस्था काढली. तिने घरे विकत घेतली, केंद्र सरकारच्या भाडे-अनुदानातून ती दुरुस्त केली आणि गरीब भाडेकरूंना परवडेल अशा भाड्याने ठेवली. नियम साधा : छप्पर बदलताना माणूस बदलायचा नाही. शेकडो बिऱ्हाडे अशी टिकली. पुढे रेगन यांच्या काळात, १९८३ साली, अशा घरांना पैसा पुरवणारी केंद्राची योजनाच मोडीत निघाली आणि काम मंदावले. खिडक्या तपासण्याला सरकारी तिजोरी लागत नाही. भाडेकरू टिकवायला लागते.

आपल्याकडे मुंबईची हेरिटेज नियमावली १९९५ साली आली. इमारतींना आणि परिसरांना श्रेणी द्यायच्या, आणि त्यांत काही बदल करायचा तर मुंबई हेरिटेज संवर्धन समितीचा सल्ला घेऊन पालिका आयुक्तांनी परवानगी द्यायची, अशी तिची घडण. कागदावर ही नियमावली चार्ल्स्टनपेक्षा पुढे आहे. वास्तुकलेबरोबर सामाजिक आणि आर्थिक इतिहासाशी असलेला संबंध हाही एक निकष तिने मानला आहे. म्हणजे कामगार चाळीचा दावा त्यात बसू शकतो. पण श्रेणी मिळाल्यावर पुढे काय? पुन्हा तपासणी होते ती खिडकीची, कठड्याची, उंचीची. समितीवर जाणकार असतात. खोलीत राहणाऱ्याला जाणकार म्हणावे, असे त्या नियमावलीच्या मनात आलेले नाही.

आणि चाळीतल्या माणसाला काय हवे आहे, याविषयी आपण प्रामाणिक राहिले पाहिजे. बी. डी. डी. चाळी सरकारने १९२० च्या दशकात बांधल्या. चार ठिकाणी मिळून २०७ इमारती. तळमजला आणि तीन मजले, मजल्यावर सामाईक संडास, खोली १६० चौरस फुटांची. मी नायगावात अशाच खोलीत वाढलो. घरातला पहिला पदवीधर मी. संडासाच्या रांगेत उभे राहून सनावळ्या पाठ केल्या. दोन पिढ्यांची सात-सात माणसे ज्या खोलीत झोपली, तिच्या लाकडी कठड्याचे सौंदर्य त्यांना समजावून सांगायला कोणी जाऊ नये. नव्या इमारतीत ५०० चौरस फुटांचे घर, तेही मालकीचे आणि मोफत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या तेव्हा त्या घरांतल्या बाया स्वतंत्र मोरी पाहून रडल्या असतील तर तो त्यांचा हक्क आहे. भिंतीच्या प्रेमापोटी आपण त्यांच्या आड येता कामा नये.

पण ही घरे त्यांना का मिळाली? चार्ल्स्टनच्या काळ्या भाडेकरूला जे मिळाले नाही, ते वरळीच्या भाडेकरूला का मिळाले? चाळीला कोणी हेरिटेज ठरवले म्हणून नव्हे. खोलीची पावती त्याच्या नावावर होती म्हणून, त्याला मत होते म्हणून, आणि पावतीवाल्यांची संघटना होती म्हणून. त्या कागदाच्या चिठोऱ्याने जे केले ते कोणत्याही रचना-परीक्षण मंडळाने केले नसते. म्हणून माझे मत असे : वारशाचा दर्जा जरूर मागावा, पण पावतीच्या आधी नव्हे. ज्या वस्तीत राहणाऱ्याचा हक्क कागदावर पक्का झालेला नाही, तिथे 'ऐतिहासिक' ही पाटी लागणे म्हणजे भाव वाढण्याची पहिली सूचना समजावी. कामाठीपुरा, भायखळा, माझगाव इथल्या जुन्या इमारतींत राहणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

पावतीत न बसणारी माणसेही आहेत, हे विसरून चालणार नाही. पोटभाडेकरू. गावाहून आलेला, व्हरांड्यात अंथरूण टाकणारा भाचा. एका खोलीत वीस-वीस गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाया, ज्यांची खोली दिराच्या नावावर. जिन्याखालचा चांभार. नव्या इमारतीच्या यादीत ही नावे येणार नाहीत, आणि उद्या एखादी चाळ वारसा म्हणून राखली तरी तिच्या माहितीफलकावरही येणार नाहीत. २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन पाडले गेले. ज्या बुद्धभूषण छापखान्यात चळवळीची पत्रे छापली गेली, तो तिथेच होता. तिथे खिळे जुळवणाऱ्यांची, छापलेले गठ्ठे डोक्यावरून वाहणाऱ्यांची नावे आपल्यापैकी कितींना सांगता येतील?

आमच्या अभ्यासमंडळातली मुले सध्या नायगावच्या उरलेल्या चाळींतून वह्या घेऊन फिरत आहेत. वहीत रकाने आखले आहेत : खोली क्रमांक, पावती कोणाच्या नावे, प्रत्यक्ष राहते कोण, मूळ गाव, कोणत्या गिरणीत, कोणत्या खात्यात, घरातल्या बाईचे काम. शेवटचा रकाना सुरुवातीला आम्ही ठेवलाच नव्हता. एका मुलीने तो घालायला लावला, आणि सर्वांत अधिक मजकूर त्याच रकान्यात भरला आहे. इमारतीचे फोटो काढायचे की नाही, यावर अजून मतभेद आहेत. मुले म्हणतात काढू. मी म्हणतो काढा, पण आतून काढा.